कारलं म्हणजे डावीकडे

निवृत्त झाल्यापासून लग्नकार्यात हमखास कुणीतरी विचारतं, "जपानमध्ये तुम्ही नक्की काय करत होतात?" दुभाषी होते असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे दोन पुढाऱ्यांच्या खुर्च्यांमागे बसून वहीत टिपणं घेणारी गंभीर बाई येते. वही माझ्याही हातात असायची. पण माझ्यापुढे जो उभा असायचा तो सहा फूट तीन इंच उंच, एकशेबारा किलो वजनाचा, डोक्याला हेल्मेट आणि दातांत रबराचा तुकडा धरलेला अमेरिकन होता, आणि तो समोरच्याला कसा आडवा करणार आहे हे सभ्य जपानीत सांगणं हे माझं काम होतं.

त्याचं नाव वेंडेल. हुद्दा लाइनबॅकर.

मी पुण्यात नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गाला जपानी शिकले. दोन हजार सालानंतर पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपन्या इंजिनियरांच्या तुकड्याच्या तुकड्या जपानला पाठवू लागल्या. त्यांना कोडिंग येत होतं, जपानी येत नव्हतं. अशा वीसजणांच्या एका तुकडीबरोबर मी नागोयाला आले. माझा नवरा अजित त्या वीसजणांतलाच. मोटारींचे सुटे भाग बनवणारी मोठी कंपनी होती आणि दिवसभर डेटाबेस, सर्व्हर, डेडलाइन या तीन शब्दांचं भाषांतर करत मी सुखात होते.

एक दिवस प्रशासन विभागाच्या साहेबांनी बोलावलं. जपान्यांना माझं वैशाली हे नाव काही केल्या जमत नसे.

"बाइशारी-सान, तुम्हाला इंग्रजी येतं, जपानी येतं. अमेरिकन फुटबॉल येतो का?"

"पायानं खेळतात तो?"

"नाही, बराचसा हातानं."

"मग त्याला फुटबॉल का म्हणतात?"

साहेबांनी दातांतून हवा आत ओढली. "ते जरा अवघड आहे."

तिकडे मोठ्या कंपन्या स्वतःचे संघ बाळगतात. खेळाडू म्हणजे कंपनीचेच लोक. कुणी स्टोअरमध्ये, कुणी खरेदी विभागात. सोमवार ते शुक्रवार टाय लावून बसायचं, शनिवार-रविवार एकमेकांची हाडं मोजायची. आमच्या संघानं त्या वर्षी अमेरिकेत तीन मोसम व्यावसायिक खेळलेला माणूस आणला होता. त्याचा दुभाषी बदली होऊन टोकियोला गेला आणि माझी वर्णी लागली.

हा खेळ ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दोन्हीकडे अकरा-अकरा. एका बाजूकडे चेंडू. तो चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे न्यायचा. बाकीच्या अकरांनी अडवायचं. अडवणाऱ्यांची पहिली फळी पहिलवानांची, शेवटची पळणाऱ्यांची, आणि मध्ये लाइनबॅकर. त्याला पहिलवानासारखं भिडताही यायला हवं आणि हरणासारखं पळताही. मधला लाइनबॅकर तर त्या अकरांचा मुकादमच. समोरचे कसे उभे राहिलेत, कोण कुठे बघतोय, कुणी पाय जरा मागे घेतलाय, हे बघून चेंडू हलायच्या आत त्यानं ओळखायचं की हल्ला कुठून येणार, आणि आपल्या दहांना ओरडून सांगायचं.

मी जपानमध्ये पाहिलेल्या माणसांत वेंडेलइतका अभ्यासू माणूस दुसरा नव्हता. कंपनीनं त्याला इंग्रजी मॅन्युअलं तपासायचं काम दिलं होतं. टेबल इतकं बुटकं की गुडघे आत मावत नसत, म्हणून तो आडवा बसायचा. मॅन्युअलं आटपली की पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या सामन्याची टेप लावायचा. एकच प्रसंग वीस वेळा.

"तो सहासष्ट नंबर बघ. डावीकडे पळायचं असलं की तो ओठ चाटतो."

मी बघितलं. खरंच चाटत होता.

पहिल्या महिन्यातच एक घोटाळा झाला. सोमवारी सकाळी सगळ्या विभागाची उभ्यानं मीटिंग असे. सामन्यानंतर अंग ठणकतं म्हणून वेंडेलनं त्यातून सुट्टी मागितली. आमचे हेड कोच मोरिता-सान साठीचे, शांत, चष्मेवाले गृहस्थ. तेच त्याचे ऑफिसातलेही वरिष्ठ. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "ते जरा अवघड आहे." मी शब्दाला शब्द सांगितलं. पुढच्या सोमवारी वेंडेल आलाच नाही. विचारलं तर म्हणतो, "अवघड आहे म्हणाले ना? मला अवघड गोष्टी करायची सवय आहे."

जपानीत "अवघड आहे" म्हणजे "नाही", हे सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. त्या दिवसापासून मी शब्दांबरोबर शब्दांमागचंही सांगायला लागले. आणि मग हळूहळू थोडं गाळायलाही. वेंडेल मैदानावर शिव्या फार द्यायचा. अगदी मनापासून, दाणेदार. मी त्यांचं भाषांतर "वेंडेल-सान यांना या गोष्टीचं वाईट वाटलं आहे" असं करायचे. दोन वर्षांत एकही शिवी मी पलीकडे जाऊ दिली नाही, याचा मला तेव्हा भारी अभिमान होता. पण गाळणी एकदा हातात आली की माणूस हवं ते गाळू लागतो. ते पुढे येईलच.

खरी अडचण होती त्या ओरडण्याची. लेफ्ट, राइट सगळ्यांनाच कळतं. वेंडेल "लेफ्ट" ओरडला की आपल्या दहांच्या आधी समोरचे अकरा सावध व्हायचे.

"तुझी स्वतःची भाषा कुठली?" त्यानं एकदा विचारलं.

"मराठी."

"जपानात किती लोकांना येते?"

"आमच्या तुकडीतल्या वीसजणांना. आणि माझी मुलगी इरा. ती साडेसहा वर्षांची आहे आणि उत्तरं जपानीत देते."

"चालेल."

अशा रीतीनं नागोयाच्या मैदानावर मराठी अवतरली. डावा, उजवा, थांबा आणि घुसा. चार शब्द. खेळाडूंनी तळहातावर काताकाना लिपीत लिहून घेतले. "व" त्यांना जमेना, म्हणून "डावा"चा "डाबा" झाला. वेंडेलचा उच्चार मात्र खणखणीत. पहिल्याच सामन्यात तो "घुसा! घुसा!" असं गरजला तेव्हा बाकावर बसल्या बसल्या माझ्या अंगावर काटा आला. आम्ही ओळीनं चार सामने जिंकलो.

पाचवा सामना टोकियोत होता, एका बँकेच्या संघाशी. पूर्वार्धात आम्ही पुढे होतो. मध्यंतरानंतर काय झालं कुणास ठाऊक, वेंडेल "डावा" म्हणाला की समोरचे शांतपणे उजवीकडून निघून जायचे. सपाटून हरलो. सामान आवरत होते तर एक सडसडीत तरुण गळ्यात बँकेचं ओळखपत्र घालून माझ्यापाशी आला.

"ताई, तुम्ही पुण्याच्या का?"

"हो. तुम्ही?"

"मी चिंचवडचा. बँकेच्या आयटीत आहे. आम्हाला सगळ्यांना चिअरिंगला यावंच लागतं. ताई, काय सांगू, इतक्या लांब, इतक्या मोठ्यानं मराठी ऐकली आणि मला राहवलंच नाही. शेजारी आमचे बुचो-सान, म्हणजे विभागप्रमुख, बसले होते, त्यांना म्हटलं, सर, ही माझी भाषा! तो डावीकडे जा म्हणतोय!"

"मग?"

"मग ते उठून खाली पळत गेले." त्याचा चेहरा पडला. "माझं काही चुकलं का, ताई?"

मी त्याला पिशवीतला खाकरा दिला. वेंडेलला हे सांगितलं तेव्हा तो पाच मिनिटं हसत होता. मग म्हणाला, "म्हणजे तुमची माणसं आता सगळीकडे आहेत. शब्द असे हवेत की मराठी माणसालाही कळता कामा नयेत."

माझ्या स्वयंपाकघरात बसून आम्ही नवी यादी केली. त्या दिवशी मी भरलं वांगं केलं होतं आणि तो सहावी भाकरी खात होता. कारलं म्हणजे डावीकडे. वांगं म्हणजे उजवीकडे. बटाटा म्हणजे थांबा. मिरची म्हणजे घुसा.

"मिरची," त्यानं म्हणून बघितलं. "हा शब्द दातांना छान लागतो."

जपान्यांचं "कारारे" आणि "बांगी" झालं, पण कळायचं सगळ्यांना. चिंचवडचा तो मुलगा परतीच्या सामन्यालाही आला होता. अमेरिकन माणूस भर मैदानात "वांगं! वांगं!" ओरडतोय म्हणून तो इतका गोंधळला की आपल्या बुचो-सानना एवढंच म्हणाला, बहुतेक त्याला भूक लागलीये. त्यानंच मला नंतर सांगितलं.

आता जे सांगायचं ते जरा जड आहे.

शरदातल्या मोसमाच्या सुरुवातीलाच एका सामन्यात वेंडेल आणि समोरचा पळणारा यांची डोकी आपटली. नारळ फोडल्यासारखा आवाज आला. वेंडेल उठला, चालत आला, हसला. आमचे डॉक्टर ओकुदा-सान बारीक अंगाचे, कमी बोलणारे. अशा वेळी ते ठरलेले चार-पाच प्रश्न विचारत. कुठलं मैदान? पूर्वार्ध की उत्तरार्ध? शेवटचे गुण कुणाचे? मी मध्ये उभी.

"हे कुठलं मैदान आहे?"

वेंडेलनं मान वळवून पाहिलं. "कालचंच."

काल सामना नव्हता. काल आम्ही सगळे ऑफिसात होतो. तो थट्टा करतोय की काय, मला कळेना. थट्टा करायची त्याची सवयच होती. मोरिता-सान माझ्याकडे बघत होते. आम्ही एका गुणानं पुढे होतो, थोडीच मिनिटं उरली होती, आणि खरं सांगायचं तर मलाही जिंकायचं होतं.

"माहीत आहे म्हणतात," मी डॉक्टरांना म्हटलं. "ठीक आहे म्हणतात."

तो परत आत गेला. आम्ही जिंकलो.

दोन दिवसांनी दुपारी ऑफिसात फोन आला. "वैशाली, मी ट्रेनमध्ये आहे. माझं स्टेशन येतच नाहीये."

नागोयात एक भुयारी रेल्वे गोल फिरते. वेंडेल रोज तिनंच यायचा.

"कुठलं स्टेशन दिसतंय?"

त्यानं नाव वाचलं. ते त्याच्या घराजवळचं, जिथे तो चढत असे तेच. "हे मी तिसऱ्यांदा बघतोय," तो म्हणाला. आवाजात थट्टा नव्हती.

मी जाऊन त्याला उतरवलं. भुयारातल्या दिव्यांचा त्रास होत होता म्हणून तो डोळ्यांवर हात धरून बाकावर बसला होता. त्या आडदांड माणसाला कोपराला धरून मी जिना चढवला.

"डॉक्टरांना सांगू या," मी म्हटलं.

"नको. ते मला घरी पाठवतील. मी एकतीस वर्षांचा आहे. मला दुसरं काही येत नाही. शपथ घे."

मी शपथ घेतली. अजितला मात्र सांगितलं. तो म्हणाला, "वैशू, तुमच्या धंद्यात असं गप्प बसायला परवानगी असते का?" मी त्याच्यावरच चिडले. दोन आठवड्यांत वेंडेलची डोकेदुखी थांबली, तो पुन्हा ओठ चाटणारे खेळाडू शोधू लागला, आणि मी स्वतःला समजावलं की झालं ते झालं.

मग उपांत्य सामना. शेवटच्या, चौथ्या भागात आम्ही चार गुणांनी पुढे. वेंडेलनं एकाला जमिनीवर आणलं आणि त्या ढिगात कुणाचा तरी गुडघा त्याच्या हेल्मेटला लागला. तो उठला. जागेवर उभा राहिला. समोरच्यांकडे बघितलं आणि ओरडला, "डावा! डावा!"

आमचे दहा खेळाडू वळून त्याच्याकडे बघू लागले. डावा हा शब्द बंद होऊन कितीतरी महिने झाले होते. कुणाला वाटलं नवी युक्ती आहे. तो पुन्हा ओरडला, "डावा!" हा माणूस गेल्या हंगामात उभा होता.

मी मोरिता-सानच्या बाहीला हात घातला. जपानमध्ये वरिष्ठांच्या बाहीला हात घालत नाहीत. "टाइमआउट घ्या," मी म्हटलं. त्यांनी घेतला.

डॉक्टर आले. तीच मी, तेच प्रश्न.

"शेवटचे गुण कुणी मिळवले?"

वेंडेल माझ्याकडे वळला. डोळे माझ्यावर ठरत नव्हते. हळू आवाजात म्हणाला, "त्याला कुठलं उत्तर हवंय ते तुला माहीत आहे. तेच दे."

"काय म्हणाले?" डॉक्टर.

मोरिता-सान बघत होते. मागे कंपनीचे डायरेक्टर टोपी घालून बसले होते. ढोल वाजत होता.

"ते म्हणाले," मी म्हटलं, "'त्याला कुठलं उत्तर हवंय ते तुला माहीत आहे. तेच दे.'"

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. मग मी दुभाषीनं कधी करू नये ते केलं. स्वतःचं बोलले. "आणि डॉक्टर, आता मी बोलतेय, ते नाहीत. ते जुन्या खुणा ओरडत होते. मागच्या वेळी त्यांनी मैदानाचं उत्तर चुकीचं दिलं होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं. नंतर ते ट्रेनमध्ये हरवले होते."

ओकुदा-साननी वेंडेलच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. हेल्मेटशिवाय खेळाडूला आत जाता येत नाही.

वेंडेल माझ्याशेजारी येऊन बसला. "दे."

"नाही."

"वैशाली, दे ते."

"नाही."

माझं वजन तेव्हा बावन्न किलो. त्यानं एका बोटानं ते उचललं असतं. मी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. आतून घामाचा आणि मलमाचा वास येत होता. तो दर मिनिटाला मागत होता, कारण आधी मागितलेलं त्याला आठवत नव्हतं. मी दर मिनिटाला नाही म्हणत होते. शेवटच्या क्षणी समोरच्यांनी मधूनच, जिथे वेंडेल उभा असायचा तिथूनच, चेंडू पार नेला. आम्ही तीन गुणांनी हरलो.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी कायमचं खेळणं बंद करायला सांगितलं. भानावर आलेल्या वेंडेलनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे माझ्याऐवजी दुसरा दुभाषी मागितला. माणूस नव्हता, म्हणून कंपनीनं त्याला बोलता शब्दकोश दिला. मी डेटाबेस आणि सर्व्हरकडे परतले. कॅन्टीनमध्ये तो समोरून आला की ट्रेकडे बघायचा. संघातले काहीजणही. डायरेक्टर लिफ्टमध्ये भेटले की हवामानाविषयीसुद्धा बोलेनात. मोरिता-सान मात्र एकदा माझ्या टेबलाशी आले, कमरेत खोल वाकले, आणि निघून गेले.

मला सलत होतं ते यातलं काहीच नव्हे. पहिल्या वेळी मी "कालचंच" हा एक शब्द जसाच्या तसा सांगितला असता तर दुसरी वेळ आली नसती. डॉक्टरांनी मला असं कधी म्हटलं नाही. पण कडक उन्हात वेंडेलला अजूनही त्रास होतो, हे पुढे त्याच्या एका मेलमध्ये वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद केला होता.

वसंतात तो जायला निघाला. कॅन्टीनमध्येच निरोपसमारंभ ठेवला होता. मोरिता-साननी मुद्दाम बोलावलं, म्हणून मी वही घेऊन त्याच्या अर्धं पाऊल मागे उभी राहिले. पाच महिन्यांनी पहिल्यांदाच. माइक हातात आल्यावर तो मागे वळून इंग्रजीत म्हणाला, "आज तुला सुट्टी." आणि जपानीत बोलू लागला.

आता हे सांगायला हवं की जपानीत बायकांचं "मी" निराळं असतं, अताशी. वाक्यांचे शेवटही निराळे, मऊ. दोन वर्षं वेंडेलचं प्रत्येक वाक्य जपानीत माझ्या तोंडून बाहेर पडलं होतं. त्यानं कान देऊन, टेप पाहावी तसा अभ्यास करून, जसंच्या तसं उचललं होतं. मराठीत सांगायचं तर त्याचं भाषण असं झालं:

"अताशी दोन वर्षांपूर्वी इथे आले बरं का. पुष्कळ खेळले. पुष्कळजणांना पाडलं, स्वतःही पडले."

कॅन्टीन आधी चकित झालं, मग फुटलं. स्टोअरमधले आमचे पहिलवान एकमेकांच्या खांद्यांवर डोकी टेकून हसत होते. एकशेबारा किलोचा लाइनबॅकर एखाद्या घरंदाज काकूंसारखा बोलत होता. आपला विनोद जमला असं वाटून तो खूश झाला आणि पुढे बोलू लागला.

"त्या दिवशी मी बाइशारी-सानना खोटं सांगायला लावत होते. त्यांनी सांगितलं नाही. मी रागावले. फार दिवस बोलले नाही. चूक माझी होती. माझं डोकं आता पुष्कळ बरं आहे. मी घरी जाऊन शाळेतल्या पोरांना शिकवणार आहे. डोकं कसं वाचवायचं, ते आधी शिकवणार आहे. सगळ्यांना अताशीचा नमस्कार."

तोवर हसणं थांबलं होतं. मोरिता-सान चष्मा पुसत होते. ते माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "बाइशारी-सान, याला कुणीतरी सांगायला नको का?"

तेवढ्यात वेंडेल माइक ठेवून माझ्याकडे आला. घामाघूम झाला होता, सामन्यात व्हायचा तसा.

"कसं झालं माझं जपानी?"

"एकही चूक नाही," मी म्हटलं. आणि बायकांच्या बाजूनं पाहिलं तर खरोखरच एकही नव्हती.